उमरेडकडे शेतकरी आणि पोरापोरींसाठी शेती-धंद्याचं प्रशिक्षण: काय शिकवावं, काय नको?

उमरेडचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

उमरेड तालुक्यातल्या आमच्या गावात एका जुन्या ट्रस्टचा हॉल आहे, मागे दोन एकर वावर आणि एक विहीर. हॉल लग्न-तेरवीला देण्यापलीकडे काहीतरी करावं असं विश्वस्तांच्या मनात आलं. शेतकऱ्यांना टिकाऊ शेती शिकवायची आणि शिकून घरी बसलेल्या पोरापोरींना गावातच करता येईल असा धंदा. मी मास्तर असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात म्हणून घरोघर विचारत फिरलो. लक्षात आलं ते असं की प्रशिक्षण न घेतलेला माणूस सापडणं कठीण. एका घरी देवाच्या फोटोशेजारी तीन प्रमाणपत्रं लॅमिनेट करून लावलेली: गांडूळखत, मशरूम, शेळीपालन. घरात गांडूळ नाही, मशरूम नाही. शेळी होती एक, तीही मावशीची.

बरं, नागपूरला संस्थांची वानवा आहे म्हणावं तर तेही नाही. कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, अमरावती रोडवरचा मृद सर्वेक्षण ब्यूरो, महाराजबागेला लागून १९०६ सालचं कृषी महाविद्यालय, सेमिनरी हिल्सला पशुविज्ञान विद्यापीठ. इतकं सगळं तासाभराच्या अंतरावर असताना आमच्या हॉलने वेगळं काय करावं? ज्यांनी अशी प्रशिक्षणं घेतली, दिली किंवा भोगली त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

कृषीसहायक_निवृत्त

मास्तर, आतली गोष्ट सांगतो. बहुतेक प्रशिक्षणं फेब्रुवारी-मार्चात का होतात? निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायचा असतो. आता बोंडअळीचं प्रशिक्षण मार्चात घेतलं तर वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उपटून झालेली असते. अळी दिसते ती पडद्यावर. निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक जानेवारीत घेतात, निंबोळ्या पडतात जूनमध्ये. मग साहेब बाजारातून बाटली आणतात आणि दाखवतात.

तुमच्याकडे सरकारी निधी नाही हेच तुमचं भांडवल. प्रशिक्षण पिकाच्या कॅलेंडरवर बसवा.

यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. शेतीशाळा ही पद्धत १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात भातावर सुरू झाली, आपल्या कृषी विभागानेही बरीच वर्षं चालवली. नीट चालली तिथे फरक पडला. पेरणीपासून वेचणीपर्यंत तेच २०-२५ लोक, तेच वावर, दर पंधरवड्याला अर्धा दिवस. भाषण नाही. आधी वावरात जायचं, मोजायचं, मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर पऱ्हाटीचं चित्र काढायचं: एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, खाली जमिनीतली ओल. आणि गटाने ठरवायचं की या पंधरवड्यात फवारायचं की नाही.

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे. सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग, असे सलग तीन दिवस आले की सावध. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं मिटकं फूल, दिसली की तोडून अळीसकट नष्ट करायची. पुढे बोंडं धरली की वावरात आडवंतिडवं फिरून २० झाडांवरून एकेक हिरवं बोंड तोडायचं आणि बांधावर बसून चिरायचं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं हो, एक डाग नाही. चिरल्यावर सालीच्या आतल्या अंगाला बारीक फोड दिसतात, मधल्या पडद्याला टाचणीएवढं भोक असतं आणि सरकीत अळी बसलेली. २० पैकी २ बोंडांत निघाली म्हणजे १० टक्के, आता फवारणी. एकात निघाली किंवा निघालीच नाही तर फवारणीचा खर्च वाचला. ज्याने स्वतःच्या हाताने बोंडं चिरली तो दुकानदाराच्या सांगण्यावरून डबा उचलत नाही. वर्गात शंभर स्लाइड दाखवून हे होत नाही.

---

कास्तकार_भिवापूर

साहेबाचं बराबर आहे. पन मले एक सांगा, ट्रेनिंगले येते कोन? ज्याच्या नावावर सातबारा तो. फवारनी करते कोन? त्याच्या वावरातला मजूर. पंप पाठीवर त्याच्या, औषधाच्या डब्यावरचा, विष किती जहाल ते सांगनारा लाल-पिवळा तिकोन समजून घ्याची गरज त्याले, अन् खुर्चीवर बसून चहा पिऊन राहिले मालक.

२०१७ ले यवतमाळकडे फवारनीत लोकं दगावले, त्यात मजूर होते. त्यानंतर मास्क-चष्म्याचे डेमो झाले, फोटो निघाले. पन कोनी मजुराले सांगतलं का, की वाऱ्याच्या दिशेनं चाल, दुपारी फवारू नको, दोन औषधं मनानं मिसळू नको, नोझल तोंडानं फुंकू नको?

बायाइचंही तसंच. निंदन त्याहीचं, वेचाई त्याहीची, बियानं निवडनं त्याहीचं. सातबाऱ्यावर नाव नाई म्हून यादीत नाव नाई.

मास्तर, मजुराले बोलवाचं असन तर त्या दिवसाची रोजी द्या. नाश्ता अन् टोपीवर तो येत नसते, अन् त्यानं याव तरी काऊन?

---

जवसताई

+१ कास्तकार भाऊंना. हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

मी कुहीकडची. आमच्या बचत गटाचा तेलाचा लाकडी घाणा आहे, सोबत छोटी दाल मिल. बाकी सविस्तर रात्री लिहिते, तूर आली आहे.

---

पुणेरी_शेतीवेडा

छान धागा. माझं मत: तरुणांना पारंपरिक शेतीत अडकवू नका. हायड्रोपोनिक्स, ड्रोन, मायक्रोग्रीन्स, कृषी पर्यटन हे शिकवा. नागपूर मोठं शहर आहे, मार्केट आहे. मी स्वतः हिंजवडीत बाल्कनीत लेट्यूस घेतो.

---

कास्तकार_भिवापूर

दादा, मे मंधी इकडे या. ४५ डिग्रीत लेट्यूस नाई, मानूस कोमेजते.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री_घरी

ड्रोनबद्दल थोडं: फवारणीचा ड्रोन उडवायला डीजीसीएचं (विमान वाहतुकीचं केंद्रीय खातं) रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच होतं. गावच्या हॉलमध्ये शिकवायची गोष्ट नाही ती. आणि बॅटऱ्यांचा खर्च धरून एकरी दर काढल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता माझं. पदवीनंतर कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेचं ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण केलं. ही २००२ पासूनची केंद्राची योजना, हैदराबादची 'मॅनेज' संस्था बघते. प्रशिक्षण खरंच चांगलं होतं, खोटं बोलणार नाही. वैयक्तिक प्रकल्पाला २० लाखांपर्यंत कर्ज, त्यावर ३६ टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. सगळं तोंडपाठ आहे माझं.

मग बँकेत गेलो. कोणत्या ते सांगत नाही. साहेबांनी फाइल उघडली, पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "तारण काय?" वडिलांच्या नावाची जमीन, त्यावर आधीचं पीककर्ज. फाइल तिथेच आहे. मी सध्या एका कृषी केंद्रात काउंटरवर बसतो, म्हणजे ज्या दुकानदाराच्या नावाने वर बोटं मोडली गेली तो मीच.

---

शाखेतला_माणूस

काउंटरच्या दुसऱ्या बाजूला आयुष्य काढून निवृत्त झालो आहे, म्हणून लिहितो. रागावू नका.

पहिलं: सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शाखेत मागत असतील तर लेखी मागा. लेखी देताना बहुतेक साहेबांना नियम आठवतो.

दुसरं: प्रकल्प अहवाल. आमच्याकडे अहवाल यायचे ते एकाच सायबर कॅफेतून. नाव-गाव बदललेलं, आकडे तेच. एका दाल मिलच्या अहवालात कच्चा माल म्हणून द्राक्षं लिहिलेली होती! अर्जदाराला विचारलं, वर्षाला किती क्विंटल तूर लागेल, तो म्हणाला कागदात आहे. जो स्वतःचा अहवाल तोंडी सांगू शकत नाही त्याला कर्ज देताना हात थरथरतोच.

तिसरं, आणि हे मास्तरांसाठी. जे पोरगं आधी लहान प्रमाणात विकून, ते पैसे खात्यात भरून, वर्षभराचं पासबुक घेऊन येतं त्याची गोष्ट वेगळी असते. रक्कम फुटकळ का असेना. तुमच्या हॉलमध्ये कर्जाचा तास शेवटी घेऊ नका. पहिल्याच आठवड्यात खातं, हिशेबाची वही, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी; ही फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका) आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, कशी बघायची ते शिकवा. अनेकांचं सिबिल ट्रॅक्टर किंवा मोबाइलच्या हप्त्यात बिघडलेलं असतं आणि त्यांना पत्ताच नसतो.

आरसेटी विसरू नका. बँकांच्याच ग्रामीण स्वयंरोजगार संस्था, मूळ कल्पना १९८२ ची, कर्नाटकातल्या उजिरेची. राहणं-जेवण-शिकणं फुकट, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. लोक प्रमाणपत्र घेऊन घरी येतात आणि त्या दोन वर्षांतला एक फोनही करत नाहीत. खरी किंमत त्या पाठपुराव्याची आहे.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री_घरी

लेखी मागतो. धन्यवाद काका.

---

काटोल_संत्रा

आमच्या पट्ट्याचं वेगळं आहे, तरी लिहितो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा वाटलं आता भाव येईल. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं आणि बारक्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. लगेच प्रत्येक सभेत एक माणूस उठतो, "ज्यूस का काढत नाही?"

काढून बघा. नागपुरी संत्र्याचा ताजा रस अमृत, पण ठेवला की काही तासांत कडू पडतो. लिमोनिन नावाचं द्रव्य असतं, बिया-पापुद्रे चिरडले की आणखी वाढतं. मोठे कारखाने त्यावर प्रक्रिया करतात, घरगुती मिक्सरवाल्याच्या हातात ते नाही. कुठलंही 'फळप्रक्रिया' प्रशिक्षण देणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा. उत्तर आलं नाही तर चहा पिऊन परत या.

धंदा दुसरीकडे आहे आणि कुणाचं लक्ष नाही. संत्र्याच्या झाडाची सल काढावी लागते, म्हणजे वाळलेल्या काड्या. तोडणीनंतर प्रत्येक बागेत हे काम असतं आणि माहीतगार माणूस मिळत नाही. मजूर येतो तो हिरवी फांदीही तोडतो. मग काप घेतलेल्या जागी आणि खोडाला बोर्डो मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचे, मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. तयार मिश्रणात विळ्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं दोनदा जमिनीपासून तीनेक फूट खोडाला लावलं की डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) बराच आळा बसतो.

पाच पोरांची टोळी, दोन आऱ्या, चार कात्र्या, एक शिडी आणि बादल्या. भांडवल किती? एका जुन्या दुचाकीपेक्षा कमी. झाडामागे दर ठरवायचा आणि बाग ते बाग फिरायचं. आमच्याकडे अशी टोळी कुणी आणली तर मी आजच इसार देतो. लिंबूवर्गीयच्या संस्थेत शिकवणारे लोक आहेत, पोरं मात्र मशरूम शिकायला जातात.

---

कृषीसहायक_निवृत्त

लाख बोललात. सेवा हाही धंदाच आहे. त्यात माती नमुने घेणारी टोळी जोडा. रब्बी निघाल्यावर, उन्हाळ्यात, 'व्ही' आकाराचा खड्डा, कडेची माती, आठ-दहा ठिकाणची एकत्र करून, चार भाग पाडून दोन टाकत जायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. बहुतेक नमुने धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून एका जागचे घेतलेले असतात, मग अहवाल कशाचा येणार?

---

रसायनमुक्त_विदर्भ

इतका वेळ वाचतोय, कुणी नैसर्गिक शेतीचं नाव काढलं नाही! शाश्वत म्हणता आणि फवारणीची पातळी शिकवता? झिरो बजेट नैसर्गिक शेती शिकवणारे अमरावती जिल्ह्यातले पालेकर गुरुजी, २०१६ चे पद्मश्री. यवतमाळचे सुभाष शर्मा, २०२५ चे पद्मश्री. घरात दिवा असताना बाहेर उजेड का शोधता? २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधाची मूठभर माती. सावलीत ठेवा, ढवळत राहा, दोन दिवसांत एकराचं जीवामृत तयार. खर्च किती?

---

कृषीसहायक_निवृत्त

गाय असेल तर कमी. गावात किती दावणी रिकाम्या आहेत ते मोजा आधी. आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने झिरो बजेट शेतीला सरकारने बढावा देऊ नये असं म्हटलं होतं, तेही पोरांना सांगा.

माझं वैर नाही. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसेल तर ते कशाला लागणार? शर्माजी माती-पाण्याचं बोलतात ते मला पटतं: आधी पावसाचं पाणी आणि माती वावरात अडवा, झाडं राखा, मग बाकीचं. त्यांच्या शेतावर पोरांना न्या, जरूर न्या.

---

रसायनमुक्त_विदर्भ

अकादमीला खत कंपन्यांची... जाऊ द्या.

---

जवसताई

भांडू नका. मास्तरांकडे दोन एकर आहे ना? एक एकर असं, एक एकर तसं. मधल्या धुऱ्यावर फळा. बियाणं, मजुरी, फवारा, शेवटी उत्पन्न, सगळं फळ्यावर लिहायचं, गावाने येता-जाता वाचायचं. हॉलमध्ये वाद घालण्यापेक्षा ते बरं. रासायनिक न वापरणाऱ्यांनी किमान पाच जणांचा गट करून पीजीएस ही सेंद्रिय प्रमाणीकरणाची नोंदणी करावी, एकमेकांची वावरं एकमेकांनी तपासायची पद्धत आहे. गोंडखैरीला सेंद्रिय शेतीचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे विचारा. कागद असला तर शहरातलं गिऱ्हाईक पुढे बोलतं.

आता आमच्या घाण्याचं. आम्ही मशीन आधी घेतलं नाही. पहिल्या हंगामात जवस दुसऱ्याच्या घाण्यावर नेऊन काढून आणलं, नागपूरला ओळखीच्या सोसायट्यांमध्ये बाटल्या विकल्या. तिथे कळलं की लिटरची बाटली कुणी पुन्हा घेत नाही, कारण जवसाचं तेल लवकर खवट होतं. पाव लिटरची गडद बाटली, तारीख टाकून, आठवड्याच्या आठवड्याला ताजं काढलेलं, हे चाललं. जवसात तेल ३५ ते ४० टक्के असतं म्हणतात, घाण्यावर तेवढं हाती येत नाही. उरतं ते ढेपेत जातं. ढेपेचं गिऱ्हाईक आधी बांधून ठेवलं नाही तर धंदा तोट्यात, हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. ढेपच आमचं वीजबिल भरते.

दाल मिल अकोल्याच्या विद्यापीठाच्या नमुन्याची, पीकेव्ही मिनी. तिच्यावर आम्ही स्वतःची डाळ कमी विकतो, लोकांची तूर जास्त भरडून देतो. क्विंटलला ७० किलोच्या आसपास डाळ, बाकी चुनी-भुसा. भरडाईचा दर रोख मिळतो, मालात पैसा अडकत नाही. पोरांना हा फरक शिकवा: माल विकत घेऊन विकणं वेगळं आणि मजुरीवर भरडणं वेगळं.

पैशाचं: सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (२०२० ची, केंद्राची) ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, पण ते कर्जाला जोडलेलं. हातात येत नाही, खात्यात वेगळं राहतं आणि कर्ज नीट फेडलं तर तीन वर्षांनी वळतं होतं. लोक समजतात फुकट मिळतं. गटातल्या बाईला खेळतं भांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत मिळतं, ते 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानामार्फत. अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिला मानधन योजनेतूनच मिळतं, तुम्ही देऊ नका. अर्ज टाकायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात मुदत विचारून घ्या.

आणि मास्तर, बायांना बोलवायचं तर वेळ बघा. सकाळी दहाला कोण येईल? तेव्हा निंदणावर असतात. निंदण नसलेल्या पंधरवड्यात घ्या, आणि लेकरांसाठी एक खोली मोकळी ठेवा.

---

पुणेरी_शेतीवेडा

ताई, जवस तेल पुण्याला पाठवता का?

---

जवसताई

उन्हाळ्यात नाही. दिवाळीनंतर विचारा.

---

उमरेडचा_मास्तर

मंडळी, हे सगळं प्रिंट काढून विश्वस्तांसमोर ठेवलं. आतापर्यंतचं ठरलं ते असं.

उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम रद्द (अध्यक्ष थोडे नाराज आहेत, मंत्री येणार होते). जूनमध्ये निंबोळ्या वेचण्यापासून सुरुवात. पोरं वेचतील, वाळवतील, ट्रस्ट किलोवर विकत घेईल आणि गावातल्यांना अर्कासाठी देईल, म्हणजे पहिला पैसा पोरांच्या खात्यात पहिल्याच महिन्यात. शाखेतल्या काकांचं पासबुक तिथून सुरू. मग दोन एकरांत पऱ्हाटी-तुरीची शेतीशाळा, फळ्यासकट, वेचणीपर्यंत. कास्तकार भाऊ, फवारणीचा दिवस फक्त मजुरांसाठी, मालकांना बंदी.

सल काढायची टोळी काटोलकडे पाठवायची आहे. काटोलकर, इसार देतो म्हणालात, धागा साक्षीला आहे.

प्रमाणपत्र देणार नाही असं मी म्हणतोय, त्यावर एकमत नाही. पोरांच्या आईवडिलांना ते हवंय.

---

शाखेतला_माणूस

द्या प्रमाणपत्र, पण वर्षाने. आणि त्यावर तारखेऐवजी त्या वर्षातली उलाढाल लिहा. असा कागद शाखेत कुणी आणला असता तर मी उठून चहा पाजला असता.

---

काटोल_संत्रा

इसार पक्का. अंबिया बहाराची संत्री तुटल्यावर पाठवा, डिसेंबर-जानेवारी. पोरांना झाडावर चढायची सवय असू द्या, आणि राहायची सोय आमच्या वावरातल्या बंड्यावर (कोठारावर) होईल. स्वयंपाक त्यांचा त्यांनी करायचा.

---

कास्तकार_भिवापूर

मास्तर, मजुराच्या रोजीचं काय झालं ते नाई लिहलं तुमी.

---

उमरेडचा_मास्तर

अर्धी मंजूर झाली आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी पुढच्या बैठकीत बोलतो. दोन विश्वस्त मोठे शेतकरी आहेत, त्यांचे मजूर त्या दिवशी भरपगारी पाठवा असं म्हणणार आहे. बघू.

---

जवसताई

हॉलला थ्री फेज आहे का? नसेल तर अर्ज आताच टाका, पावसाळा लागला की लाइनमन सापडत नाही.